बीपी लिहिलं होतं, सांगितलं नव्हतं : जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
जनरल प्रॅक्टिस करणारे सर्व डॉक्टर, त्यांच्या संघटना आणि वैद्यकीय अभ्यासक्रम ठरवणारी मंडळी

सन्माननीय डॉक्टर,

आम्ही ज्या दवाखान्यात जातो तिथे अलीकडे एक पाटी लागली आहे : 'एका भेटीत एकच तक्रार सांगावी.' अक्षर मोठं आहे, पाटी डॉक्टरांच्या दाराशेजारीच आहे, आणि वेटिंगमध्ये बसलेल्या कुणाच्याही नजरेतून ती सुटत नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की ही पाटी खूप ठिकाणी आहे. कुठे ती भिंतीवर असते, कुठे नंबर लावताना फोनवरच बजावतात, तर कुठे डॉक्टर पुढच्या पेशंटचा कागद हातात घेऊन न बोलता तेच सांगतात. म्हणून त्या एका दवाखान्याचं नाव इथे घेत नाही. माझं म्हणणं तुम्हा सगळ्यांसाठी आहे.

पाटीमागची अडचण मला दिसते. बाहेर रांग असते. आत आलेला माणूस गुडघ्यापासून सुरुवात करतो, मग झोपेचं सांगतो, मग पित्ताचं, आणि उठता उठता म्हणतो, 'कधीकधी छातीत धडधडतं.' वैताग येत असणार. पण जरा विचार करा, आजार टाळण्यासाठी जे जे करायचं असतं त्यातलं काहीच कुणाची तक्रार नसतं. वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवत नाही. साखर वाढू लागते तेव्हा बऱ्याचदा काहीच होत नाही. लस राहिली म्हणून कुणी कण्हत येत नाही. सिगारेट ओढणारा तुमच्याकडे सिगारेटची तक्रार घेऊन येत नाही, खोकल्याची घेऊन येतो. एका भेटीत एकच तक्रार हा नियम पाळला, तर जी गोष्ट अजून तक्रार झालेली नाही तिची पाळी दवाखान्यात येणारच नाही. ती येईल ती थेट हॉस्पिटलात.

आमच्या घरात ती तशीच आली. माझा थोरला भाऊ वर्षानुवर्षं एकाच डॉक्टरांकडे जात होता. सर्दी, पाठ, पित्त, असंच काहीबाही. प्रत्येक वेळी त्याचं बीपी घेतलं जायचं आणि आकडा केसपेपरच्या कोपऱ्यात लिहिला जायचा. पुढे भलत्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत त्याच्या किडन्या बऱ्याच खराब झाल्याचं निघालं, आणि किडनीच्या डॉक्टरांनी जुने कागद मागवले. ते आणायला मी गेले आणि तिथल्याच बाकावर बसून चाळले. १३८/८८. १४४/९२. १५०/९४. शेवटी शेवटी १६२/१००. प्रत्येक आकड्याखाली त्या दिवसाचं औषध : सर्दीचं, पित्ताचं, आणि पुन्हा पुन्हा पाठदुखीच्या गोळ्या. त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढू शकतं आणि किडनीला इजा होऊ शकते, हे मला तुम्ही सांगायला हवं होतं. मी तुम्हाला सांगते आहे. आकड्याला कुठे गोल केलेला नाही, शेजारी बाण नाही, 'रुग्णास कल्पना दिली' अशी ओळ नाही.

दादाला विचारलं तर तो म्हणाला, "बीपी घ्यायचे की. काही बोलायचे नाहीत, म्हणजे ठीकच असणार ना?"

किडनीच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आधी बीपीने किडनी बिघडली की किडनीने बीपी वाढलं, हे आता ठरवता येत नाही, कारण दोन्ही तऱ्हांनी होतं. पण तेव्हाच कुणी आकड्याकडे पाहिलं असतं, तर लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन या साध्या तपासण्यांनी तेव्हाच काहीतरी कळलं असतं. मला कुणाला कोर्टात न्यायचं नाही. त्या डॉक्टरांनी अनेकदा रात्री-अपरात्रीही आम्हाला दार उघडलं आहे. पण गप्प बसणं मला जमणार नाही, कारण ही एका डॉक्टरची चूक असती तर पत्र खुलं लिहावं लागलं नसतं.

पहिली तक्रार अर्थातच मोजून न सांगण्याची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार जगात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता आणि त्यातल्या ४६ टक्क्यांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नव्हतं. या ४६ टक्क्यांचा विषय निघाला की चर्चा लगेच शिबिरांकडे वळते, म्हणजे अजून कुणी मोजलंच नाही अशा माणसांकडे. माझा भाऊ त्याच ४६ टक्क्यांतला होता आणि त्याचा आकडा मात्र तुमच्या कपाटात होता. ज्याचं कधीच मोजलं गेलं नाही त्याला निदान आपल्याला माहीत नाही एवढं तरी माहीत असतं. दादाला खात्री होती की आपलं सगळं ठीक आहे. ती खात्री त्याला तुमच्या न बोलण्याने दिली.

एकदा वाढलेलं बीपी म्हणजे आजार नव्हे, हे मला कळतं. जिना चढून आलेल्या माणसाचं वाढलेलं असतं, डॉक्टरला पाहून काहींचं वाढतं. पाच मिनिटं शांत बसवून, पाठीला आणि हाताला आधार देऊन, दंड हृदयाच्या उंचीवर ठेवून पुन्हा घ्यावं लागतं, आणि वेगवेगळ्या दिवशी घ्यावं लागतं. पण हेच तर सांगायचं होतं! 'आज थोडं जास्त आहे, आजार म्हणायची घाई नको, पुढच्या आठवड्यात पुन्हा घेऊ.' एवढं ऐकून कुणी घाबरून पळालं नसतं.

मोजणं आणि सांगणं यांत किती अंतर आहे, हे इंग्लंडमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फार स्वच्छ दिसलं. जनरल प्रॅक्टिसमधल्या ५६१ धूम्रपान करणाऱ्यांची फुप्फुसांची चाचणी केली गेली. अर्ध्यांना निकाल नेहमीसारखा, म्हणजे एका सेकंदात किती हवा बाहेर टाकता त्याचा आकडा म्हणून कळवला. उरलेल्यांना त्याच चाचणीवरून 'तुमच्या फुप्फुसांचं वय अमुक' असं सांगितलं. वर्षभराने पहिल्या गटातल्या ६.४ टक्के लोकांनी धूम्रपान सोडलेलं होतं, दुसऱ्या गटातल्या १३.६ टक्के लोकांनी. यंत्र तेच, फुंकरही तशीच. मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो : ज्यांची फुप्फुसं जास्त खराब निघाली त्यांनीच जास्त प्रमाणात सोडलं, असं झालं नाही. ज्यांना चांगला निकाल मिळाला तेही तितकेच सोडत होते. म्हणजे काम धसक्याने झालं नव्हतं. आपल्या शरीराबद्दलची एक गोष्ट त्यांना पहिल्यांदाच नीट कळली होती.

दुसरी तक्रार ऐकून न घेण्याची. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल या अमेरिकन संशोधकांनी १९८४ साली डॉक्टर-रुग्णांची ध्वनिमुद्रित संभाषणं तपासली, तेव्हा रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलत होते. १९९९ सालच्या तशाच पाहणीत हा वेळ २३ सेकंद भरला. पंधरा वर्षांत पाच सेकंदांची प्रगती! मध्ये तोडलं नाही तर माणूस बोलतच राहील, ही तुमची भीती. तीही तपासून झाली आहे. स्वित्झर्लंडमधल्या एका बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना सांगितलं गेलं की रुग्ण आपणहून थांबेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३३५ रुग्णांचं बोलणं सरासरी ९२ सेकंदांत संपलं, आणि दर चारांतले तिघे दोन मिनिटांच्या आत थांबले. दीड मिनिट वाचवण्यासाठी आपण पाट्या छापतो आहोत.

खरं तर तुमच्याच शास्त्राने या पाटीला केव्हाच उत्तर देऊन ठेवलं आहे. १९७९ साली वेल्समधल्या स्टॉट आणि डेव्हिस या दोघांनी जनरल प्रॅक्टिसमधल्या प्रत्येक भेटीत चार कामं दडलेली असतात असं मांडलं : समोरची तक्रार पाहणं, जुन्या चालू आजारांची विचारपूस, मदत कधी घ्यावी आणि कधी घेऊ नये याची रुग्णाला समज देणं, आणि संधी साधून आरोग्य राखण्याबद्दल बोलणं. सगळी कामं प्रत्येक भेटीत होतील असं कुणी म्हणत नाही. पण पाटी चारांपैकी तिघांना दारातच अडवते.

तिसरी तक्रार जरा नाजूक आहे, कारण ती कष्टाळू डॉक्टरांबद्दल आहे. काही डॉक्टर सांगतात, पुष्कळ सांगतात, पण सांगितलेलं पोचलं की नाही हे पाहत नाहीत. रॉय केसल्स यांनी २००३ साली यावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. डॉक्टरांनी दिलेल्या माहितीतली ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात, आणि जी लक्षात राहते तिच्यातली जवळजवळ निम्मी चुकीची असते, असं त्यात म्हटलं आहे. यावर तुमच्यातले काही म्हणतील, लोक लक्ष देत नाहीत. पण काळजीत असलेल्या माणसाला एका दमात सात सूचना दिल्या तर अजून काय होणार? आणि 'समजलं का?' असं दरवाज्याकडे बघत विचारलं, तर 'हो' सोडून दुसरं कोणतं उत्तर मिळेल?

उपाय साधा आहे. रुग्णालाच म्हणायचं, 'मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, सांगा बरं.' परीक्षा डॉक्टरच्या सांगण्याची, त्यामुळे समोरच्याला लाज वाटायचं कारण उरत नाही. डीन शिलिंजर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली मधुमेहाच्या रुग्णांबरोबरच्या भेटी तपासल्या, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या नव्या गोष्टींपैकी फक्त १२ टक्के गोष्टी समजल्या की नाही याची खातरजमा केलेली आढळली. ज्यांचे डॉक्टर खातरजमा करत होते त्यांची साखर जास्त आटोक्यात असण्याची शक्यता अधिक होती. एका छोट्या अभ्यासावरून खातरजमेमुळेच साखर आटोक्यात आली असं मी म्हणणार नाही. पण हे करायला अडचण काय आहे, ते मला कुणीतरी सांगावं.

चौथी, धाकाची. 'मरायचंय का?', 'पोरांचा विचार कर', 'असंच चालू राहिलं तर माझ्याकडे येऊ नकोस.' शेवटचं वाक्य लोक फार गांभीर्याने घेतात, डॉक्टर. ते खरोखरच यायचे थांबतात. वजन वाढलेली बाई खोकला झाला तरी दवाखाना टाळते, कारण खोकल्याआधी वजनावर बोलणी बसणार हे तिला पाठ असतं. आणि असा धाक बसलेला माणूस तुमच्यासमोर खोटं बोलायला शिकतो : गोळ्या चालू आहेत, सिगारेट सोडली, रोज चालतो. त्या खोट्यावर तुम्ही डोस वाढवता.

याच्या उलट टोकालाही काही डॉक्टर आहेत. लोकांना वाईट वाटेल म्हणून ते विषयच काढत नाहीत. त्यांच्यासाठी इंग्लंडमधला २०१६ सालचा एक अभ्यास आहे. तिथे जनरल प्रॅक्टिशनरांनी दुसऱ्याच कारणासाठी आलेल्या १,८८२ लठ्ठ रुग्णांशी वजनाबद्दल अवघं अर्धं मिनिट बोलणं केलं. निम्म्यांना वजन कमी केल्याने तब्येतीला फायदा होईल एवढाच सल्ला दिला, उरलेल्यांना एका मोफत कार्यक्रमाची वाट दाखवून तिथे नाव नोंदवायला मदत केली. हे बोलणं अनुचित आणि निरुपयोगी होतं, असं म्हणणारे त्यातले फक्त चार निघाले. वर्षभरात पहिल्या गटाचं वजन सरासरी एक किलोने उतरलं आणि दुसऱ्या गटाचं सुमारे २.४ किलोने. नुसतं 'वजन कमी करा' म्हणणं आणि 'इथे जा, मी नाव घालू का?' असं विचारणं, यातला हा फरक.

तंबाखूचंही तेच. 'शंभरातले पाच सोडतात, कशाला तोंड वाजवायचं?' असं मी एका डॉक्टरांकडून ऐकलं आहे. मायकेल रसेल यांनी लंडनमधल्या पाच ठिकाणच्या २८ जनरल प्रॅक्टिशनरांबरोबर केलेला प्रयोग १९७९ साली छापून आला. दोनहजारांवर धूम्रपान करणारे होते. ज्यांना काहीच सांगितलं नाही त्यांच्यातले ०.३ टक्के वर्षभर धूम्रपानापासून दूर राहिले. ज्यांना डॉक्टरांनी एक-दोन मिनिटं सल्ला दिला, पत्रक दिलं आणि पुढे विचारपूस होईल असं सांगितलं, त्यांच्यातले ५.१ टक्के. म्हणजे तुमचे ते शंभरातले पाचच! पण रसेल यांचा हिशेब असा होता की देशातल्या सगळ्या जनरल प्रॅक्टिशनरांनी एवढं केलं तर वर्षाला पाच लाखांहून जास्त लोक सुटतील, आणि व्यसनमुक्तीची खास केंद्रं पन्नासावरून दहा हजार केली तरी त्याची बरोबरी होणार नाही. तुम्हाला तुमच्या खुर्चीतून शंभर माणसं दिसतात. त्या खुर्च्या किती आहेत ते तुमच्या संघटनांनी मोजावं.

आणि सांगायचंच तर आशेचं सांगा. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांचाच पाठपुरावा केला आणि २००४ साली पन्नास वर्षांचा हिशेब मांडला. वयाच्या साठाव्या वर्षी सिगारेट सोडली तर सुमारे ३ वर्षं आयुष्य वाढतं, पन्नासाव्या वर्षी सोडली तर ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी १०. साठीच्या माणसाला 'आता काय उपयोग' म्हणणाऱ्याने हा आकडा त्याच्यापुढे ठेवावा.

पाचवी तक्रार आकड्यांच्या खेळाची, थोडक्यात. 'धोका दुप्पट होतो' किंवा 'या गोळीने धोका निम्मा होतो' हे कशाच्या दुप्पट आणि कशाच्या निम्मा हे न सांगता बोललं, तर ते अर्धसत्य असतं. १९९५ साली ब्रिटनमध्ये औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. प्रत्यक्षात तो ७,००० स्त्रियांमागे एकीवरून दोघींवर गेला होता. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात सुमारे १३,००० ने वाढले असा अंदाज आहे. गर्भारपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, हे त्या स्त्रियांना कुणीतरी शांतपणे सांगायला हवं होतं. त्यांचा जवळचा डॉक्टर तुमच्यापैकीच कुणीतरी होता.

सहावी तक्रार पॅकेजांची. बोलायला वेळ नसलेल्या दवाखान्यांत 'संपूर्ण शरीर तपासणी'ची पत्रकं मात्र टेबलावर गठ्ठ्याने असतात. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेने सरसकट आरोग्य तपासण्यांवरच्या चाचण्यांचा २०१९ साली पुन्हा आढावा घेतला, ज्यात अडीच लाखांच्या आसपास माणसं होती. अशा तपासण्यांनी एकूण मृत्यू किंवा कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. कोणता आजार आधीच शोधून काढणं शहाणपणाचं, याच्या कसोट्या विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ सालीच लिहून ठेवल्या आहेत. नको तिथे शोधायचं आणि सापडलेलं सांगायचं नाही, हा उलटा कारभार झाला.

आता तुमची बाजू. ती मी हलकी समजत नाही. २००३ साली अमेरिकन संशोधकांनी हिशेब केला : २,५०० माणसांची जबाबदारी असलेल्या डॉक्टरने शिफारस केलेल्या सगळ्या प्रतिबंधक सेवा द्यायच्या ठरवल्या, तर फक्त त्यालाच रोजचे ७.४ तास लागतील. अलीकडच्या नव्या हिशेबात जुने आजार, नवे आजार, कागदपत्रं असं सगळं धरून दिवसाला २६.७ तास निघाले. दिवस आहे २४ तासांचा. जगाचं चित्र तर आणखी बिकट आहे. २०१७ साली ६७ देशांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा एका भेटीला स्वीडनमध्ये २२ मिनिटांवर वेळ मिळत होता आणि बांगलादेशात ४८ सेकंद. जगाची निम्मी लोकसंख्या ज्या १८ देशांत राहते तिथे सरासरी भेट पाच मिनिटांची किंवा त्याहूनही कमी होती. पाच मिनिटांत कुणी किती बोलावं?

पण त्याच २६.७ तासांच्या हिशेबात पुढे एक ओळ आहे. जे काम नर्स, समुपदेशक, औषधतज्ज्ञ करू शकतात ते त्यांच्याकडे सोपवलं तर डॉक्टरच्या वाट्याला ९.३ तास उरतात. तरीही खूपच, पण माणसाच्या आवाक्यातले. म्हणजे वेळ नाही हे खरं आहे, पण त्यावर 'मग बोलणंच बंद' हा तोडगा कुठल्याच हिशेबातून निघत नाही. तो सोपा पडतो म्हणून निघतो.

आणि हे काम तुमच्याकडेच का मागायचं? कारण तुम्ही आम्हाला पुन्हा भेटता. नॉर्वेमध्ये लाखो लोकांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा एकाच जनरल प्रॅक्टिशनरकडे १५ वर्षांहून जास्त काळ असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण पहिल्याच वर्षात असलेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी कमी होतं. मोठ्या हॉस्पिटलातला तज्ज्ञ मला एकदा पाहतो. तुम्हाला माझ्या घरातली चार माणसं माहीत असतात. आज राहिलेलं वाक्य पुढच्या खेपेला पुरं करण्याची सोय दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे आहे?

म्हणून माझ्या मागण्या. दवाखाना चालवणाऱ्यांकडे पहिली मागणी, 'एकच तक्रार'च्या पाट्या काढा. त्याऐवजी आत आल्याबरोबर विचारा, 'आज काय काय सांगायचंय?' सगळं ऐका, आणि मग दोघांनी मिळून ठरवा की आज काय बघायचं आणि कशासाठी पुन्हा यायचं. राहिलेलं कागदावर लिहून द्या. रुग्णाला थांबवायचा हक्क तुम्हाला आहे, पण ऐकून झाल्यावर.

बीपी, साखर, वजन, काहीही मोजलंत तर आकडा तोंडी सांगा आणि रुग्णाच्या हातात लिहून द्या. त्यासोबत तीन गोष्टी हव्यात : हा आकडा ठीक आहे की नाही, आता काय करायचं, पुन्हा कधी मोजायचं. हे काम नर्सनेही केलं तरी चालेल. ठीक असेल तर 'ठीक आहे' असंही सांगा, म्हणजे तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ लावत बसायची वेळ आमच्यावर येणार नाही. सलग वाढत चाललेले आकडे एका नजरेत दिसतील असा एक तक्ता केसपेपरच्या वरच असू द्या. आणि ज्याचा आकडा वाढलेला होता पण जो परत आलाच नाही, त्याला फोन करायची जबाबदारी दवाखान्यातल्या एका माणसाच्या नावावर असू द्या. सगळ्यांची जबाबदारी असली की ती कुणाचीच नसते, हे तुम्हीही अनुभवलं असेल.

सल्ला देण्याआधी परवानगी विचारा : 'सिगारेटबद्दल दोन मिनिटं बोललं तर चालेल?' बहुतेक जण हो म्हणतात. एका वेळी एकच गोष्ट सांगा, आणि ती समजली का हे रुग्णाच्या तोंडून ऐकल्याशिवाय पुढचा नंबर पुकारू नका. धोका सांगताना शंभरात किती, हजारात किती, हे सांगा. रागवायचं झालं तर आजारावर रागवा.

संघटनांकडे वेगळी मागणी आहे. एकट्या डॉक्टरने कितीही मनावर घेतलं तरी पाच मिनिटांची दहा मिनिटं होत नाहीत. जिथे भेटींच्या संख्येवर पैसे ठरतात तिथे बोलणारा डॉक्टर तोट्यातच जातो. बोलण्याच्या वेळेचा वेगळा मोबदला, दवाखान्यात प्रशिक्षित नर्स किंवा समुपदेशक, आणि एका डॉक्टरवर किती माणसांचा भार असावा याची मर्यादा, हे सरकारांशी, विमा कंपन्यांशी आणि दवाखान्यांच्या मालकांशी भांडून मिळवायचं काम तुमचं आहे. त्या भांडणात रुग्ण तुमच्या बाजूने उभे राहतील. आजवर आम्हाला कुणी बोलावलंच नाही. विल्सन-युंगनरच्या कसोट्यांना न उतरणाऱ्या तपासणी-पॅकेजांची जाहिरात सदस्यांच्या दवाखान्यात लागणार नाही, असा ठराव मात्र तुम्ही उद्याही करू शकता, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनो, विल्यम मिलर यांनी १९८३ साली पहिल्यांदा मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवलेली प्रेरक संवादाची पद्धत आज जगभर शिकवली जाते. तिचा गाभा एवढाच की बदलाची कारणं डॉक्टरने ऐकवण्यापेक्षा रुग्णाने स्वतः बोलून दाखवावीत. ही गोष्ट व्याख्यानाने येत नाही, सरावानेच येते. जसा टाके घालण्याचा सराव घेता तसाच हाही घ्या. अंतिम परीक्षेत माणूस समोर बसवा, विद्यार्थ्याला त्याला वाढलेल्या बीपीबद्दल समजावून सांगू द्या, आणि गुण द्यायच्या आधी त्या माणसालाच विचारा की त्याला काय समजलं. आणि जो विद्यार्थी इथे नापास होईल त्याला खरोखर नापास करा. टाके उसवले तर पास करत नाही ना?

या पत्राला संघटनांकडून उत्तराची अपेक्षा आहे, आणि तेही खुलं. कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य, अमान्य असेल तर कारण काय, एवढं हवं. 'विचाराधीन आहे' असं लिहिणार असाल तर विचार कोण करणार आणि कधीपर्यंत, तेही लिहा.

आपली,
एका रुग्णाची धाकटी बहीण